अकरा जण, एक थीम पार्क आणि १०५ मिनिटांचा हिशोब

आधीच सांगतो, हे ट्रॅव्हल गाईड नाहीये. कुठली राइड भारी, कुठली फालतू, असलं काही यात नाही. आमचा अकरा जणांचा एक दिवस थीम पार्कमध्ये कसा गेला, त्यातला अर्धा कसा वाया गेला आणि उरलेला अर्धा कसाबसा हाती लागला, त्याची ही चिरफाड आहे. चिरफाड म्हणतोय कारण घरी आल्यावर दोन दिवस ग्रुपवर "उशीर कोणामुळे झाला" यावरून एवढी जुंपली की शेवटी मी सगळ्यांच्या फोनमधले फोटो मागवून घेतले, फोटोवर वेळ असतेच, मेसेजवर पण असते, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत कोण कधी कुठे होतं ते एका कागदावर मांडलं. बसलो होतो भांडण मिटवायला, पण कागदावर जे निघालं ते कोणाच्याच बाजूनं नव्हतं.

मंडळी कोण ते आधी सांगतो नाहीतर पुढे गोंधळ होईल. मी, बायको, आमचा थोरला (१३) आणि धाकटी (७). माझी आई, वय ६८. मामा, वय ६०, मानेचं जुनं दुखणं, आयुष्यभर कारखान्यात फिटर. माझा लहान भाऊ, लग्न व्हायचंय, त्यामुळे पोरांचा हिरो. आणि जुना मित्र, त्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी, त्यांची मुलगी (१२) आणि मुलगा (९). म्हणजे एका टोकाला सगळ्यात उंच रोलर कोस्टरच्या सगळ्यात मागच्या डब्यात बसायला तडफडणारी पोरं आणि दुसऱ्या टोकाला "मी आपली सावलीत बसते, तुम्ही या जाऊन" म्हणणारी आई. वहिनींना उंचीची भयंकर भीती. मित्राला वाटतं की त्याला कशाचीच भीती नाही. आणि निघायच्या आधी एकच नियम सर्वानुमते पास झालेला: काहीही झालं तरी सगळ्यांनी सगळीकडे एकत्र जायचं. सगळ्यांनाच पटला होता, मला पण.

सकाळ: सगळे एकत्र

गेट १० ला उघडणार होतं, आम्ही ९:४५ ला पोचायचं ठरलं होतं, पोचलो १०:३५. दोन गाड्या होत्या, एक वाटेत चुकली, दुसरी तिच्यासाठी थांबली, ते जाऊ दे. तिकिटं सगळी मित्राच्या फोनवर, आणि क्यूआर कोड त्यानं डाउनलोड करूनच ठेवलेला नव्हता, गेटवर नेटला रेंज नाही कारण तिथं हजारभर माणसं तेच करत होती. मग बॅग चेकिंग, मग टॉयलेट, अकरा जणांचं टॉयलेट म्हणजे स्वतंत्र कार्यक्रमच असतो कारण परत आलेल्याला दुसऱ्याला जाताना बघून पुन्हा आठवण होते. ११:१० ला आम्ही नकाशा घेऊन झाडाखाली उभे. आधी कुठे? यावर १८ मिनिटं. अठरा! फोटोच आहे, एका फोटोत सगळे नकाशावर वाकलेत ११:१२ ला, दुसऱ्यात पण तसेच वाकलेत ११:२७ ला, फक्त नकाशा उलटा झालाय.

गेट उघडल्यानंतरचा पहिला तास हा दिवसातला सगळ्यात स्वस्त तास असतो, म्हणजे वेळेच्या हिशोबात. रांगा अजून भरलेल्या नसतात. ज्यांना हे कळतं ते गेट उघडताच आत घुसून सरळ पार्कच्या पार टोकाच्या मोठ्या राइडकडे चालत सुटतात, पहिल्या दिसेल त्या राइडला थांबत नाहीत. आमचा तो तास पार्किंगमध्ये आणि गेटवर गेला.

११:३५ ला मोठ्या कोस्टरच्या रांगेत लागलो. पाटीवर लिहिलेलं २५ मिनिटं. लागली ३५. यावरून मित्र तिथल्या पोराशी वाद घालायला निघाला होता, पण त्यात फसवाफसवी काही नाहीये. डिस्नेच्या पार्कांत कसं करतात की रांगेत शिरणाऱ्या एखाद्याच्या हातात एक लाल कार्ड देतात, तो राइडपाशी पोचला की ते परत घेतात, आणि मधे किती वेळ गेला त्यावरून पाटी बदलते. आता जिथं जिथं अशा पद्धतीनं मोजतात तिथं पाटी सांगते ती आधी शिरलेल्याची वेळ, तुमची नाही. गर्दी वाढत असेल तर पाटी मागेच राहणार. ११:३५ ला गर्दी चढत होती. संध्याकाळी उलटं होतं, पाटी जास्त सांगते आणि रांग पटकन सरकते.

पाटीवर विसंबण्यापेक्षा स्वतः मोजणं बरं, आणि ते सोपं आहे. मला रांगेत दुसरं काम नव्हतं म्हणून मोजलं. एका गाडीत २४ सीट, एक गाडी सुटल्यापासून दुसरी सुटेपर्यंत साधारण २ मिनिटं. म्हणजे तासाला ३० फेऱ्या, ७२० माणसं. आमच्या पुढे अंदाजे ४०० डोकी. भागाकार केला, ३३ मिनिटं. जॉन लिटल नावाच्या माणसानं १९६१ मध्ये रांगेचं हे गणित रीतसर सिद्ध करून दाखवलं, रांगेतली माणसं म्हणजे माणसं येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचं थांबणं, बास. एवढ्या साध्या गोष्टीला सिद्धता लागते यावर थोरल्याचा विश्वास बसला नाही, पण ३३ चे ३५ झाल्यावर गप्प बसला.

ते २ मिनिटं लांबतात कशानं हे पण रांगेतून मस्त दिसतं. आमच्या पुढच्या एका कुटुंबाचं सीटमध्ये बसल्यावर खिशातला फोन कोणी ठेवायचा, चष्मा काढायचा का नाही, यावर चाललेलं, लॉक लागेना. अर्धा मिनिट गेला. अर्धाच मिनिट ना? २ चे अडीच झाले आणि प्रत्येक फेरीला असंच चाललं तर तासाला ३० च्या २४ फेऱ्या होतात, म्हणजे १४४ सीट गेल्या. आणि मागची गाडी स्टेशनच्या बाहेर ब्रेकवर अडकून राहते, तिच्यातली माणसं लटकून "बंद पडली की काय" म्हणून घाबरतात. बंद पडलेली नसते. ट्रॅकचे तुकडे पाडलेले असतात आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी असा नियम असतो, पुढचा तुकडा रिकामा झाल्याशिवाय मागचीला सोडतच नाहीत. त्या कुटुंबाला मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या आणि मग आमच्या मित्राला ऑपरेटरनं परत पाठवलं, खिशात फोन होता.

पण खरा घोळ त्याच्या आधी झाला. राइडच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी, १२० सेंटीमीटर. आमची धाकटी ११८. बाजूला गेली, टाचा उचलल्या, केस वर केले, तिथली ताई हसून म्हणाली नाही गं बाळा. मग रडारड. हीच पट्टी रांगेच्या सुरुवातीला पण होती, आम्ही अकराच्या अकरा जण तिच्या शेजारून गेलो होतो. बायको धाकटीला घेऊन बाहेर पडली, अर्धा तास उभं राहून राइड न करता. आणि भाऊ म्हणाला दोन सेंटीमीटरनं काय होतंय. होतं. तो आकडा हौस म्हणून लिहिलेला नसतो, मांडीवरचा किंवा खांद्यावरचा बार ज्या मापाच्या शरीराला धरून ठेवायला बनवलाय त्याच्यावरून तो ठरतो. खालून लहान शरीर निसटू शकतं. पार्कवाला तिथं मवाळ झाला असता तर मी त्या पार्कमध्ये परत गेलो नसतो.

रांगेत वहिनी पण होत्या हे सांगायचं राहिलं. नियम एकत्रचा ना, मग ३५ मिनिटं उभ्या राहिल्या, समोर गाडी आली आणि पलीकडच्या दारानं सरळ बाहेर निघून गेल्या. "भावजी, मी नाही हो," एवढंच म्हणाल्या.

१२:१० ला राइड, दोन मिनिटांत खलास. त्यानंतर अकरा जण परत एका जागी यायला १२:३७. कारण आम्ही बाहेर पडलो ते भलत्याच दारानं, बायको धाकटीला घेऊन झोपाळ्यांकडे गेलेली, आई-मामा सावली सरकली म्हणून बाक बदलून बसलेले. मग वॉटर राइड, ३५ मिनिटं रांग, ८ मिनिटं राइड, सगळे चिंब, आणि कपडे बदलणं, सुकवणं, मोजे पिळणं, परत जमणं यात २७ मिनिटं. ओल्या मोज्यांनी चालून मित्राच्या मुलाची टाच सोलली ती वेगळी. वॉटर राइड सकाळी करायची नसते हे मला माहीत होतं, तरी बोललो नाही, कारण १८ मिनिटांच्या चर्चेतून निघालेला निर्णय मोडायची हिंमत नव्हती.

वहिनींच्या पायात नवे सँडल. दुपारपर्यंत त्या एका पायावर उड्या मारत चालत होत्या. मी त्यांना म्हणलं तुम्ही एकट्या नाही, डिस्नेलँड उघडलं ना १७ जुलै १९५५ ला, त्या दिवशी एवढं ऊन होतं आणि डांबर एवढं ताजं की बायकांच्या टाचा रस्त्यात रुतत होत्या. आणि प्लंबर लोकांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे बरेच नळ कोरडे, त्यात बनावट पास घेऊन माणसं घुसलेली. वहिनी म्हणाल्या, भावजी, इतिहास नको, चिकटपट्टी असेल तर द्या. मामांच्या खिशात निघाली. फिटर माणूस.

जेवायला बसलो २ वाजता, म्हणजे अख्खा पार्क जेवायला बसतो तेव्हाच. अकरा जणांना एका टेबलाला बसायचं होतं. ७० मिनिटं गेली.

भांडण

३:१० ला थोरला म्हणाला, "बाबा, आपण सकाळपासून दोन राइड केल्यात. दोन." आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. त्यावर बायको म्हणाली मी तर एकच केलीये. मित्र म्हणाला एक्स्प्रेस पास, म्हणजे जास्तीचे पैसे भरून रांग टाळायचा पास, घेतला असता तर ही वेळ आली नसती, मी तेव्हाच म्हणलं होतं. भाऊ म्हणाला बायकांचं आवरायला वेळ लागतो, हे त्यानं अशा ठिकाणी म्हणलं जिथं तीन बायका होत्या. मग जे व्हायचं ते झालं. आई एवढंच म्हणाली की आमच्यामुळे अडत असेल तर आम्ही गाडीत बसतो. ते वाक्य आलं की मराठी घरातलं कुठलंही भांडण हरलेलंच असतं.

इथं तो घरी मांडलेला कागद आणतो. १०:३५ ते ३:१० म्हणजे २७५ मिनिटं. त्यातली पार्कच्या रांगेत गेली ७०. प्रत्यक्ष राइडवर १०. चालण्यात २०. जेवणात ७०. राहिली १०५. ही १०५ मिनिटं आम्ही एकमेकांसाठी थांबलो होतो. गेटवर ३५, नकाशापाशी १८, कोस्टरनंतर २५, वॉटर राइडनंतर २७. म्हणजे ज्या रांगेला आम्ही दिवसभर शिव्या घातल्या तिच्यापेक्षा आमची स्वतःची रांग दीडपट लांब होती, आणि तिला ना दोरी होती ना पाटी.

गंमत म्हणजे त्या दिवशी कोणालाही विचारलं असतं तर "अहो लाईनीतच दिवस गेला" असंच उत्तर मिळालं असतं. खोटं कोणी बोलत नव्हतं, वाटतच तसं. डेव्हिड मेस्टर नावाच्या अभ्यासकानं १९८५ मध्ये रांगेत उभ्या माणसाच्या मनाबद्दल लिहून ठेवलंय, की रिकामं थांबणं हे कामात असताना थांबण्यापेक्षा लांब वाटतं, किती वेळ ते माहीत नसलं की लांब वाटतं, कारण कळलं नाही की लांब वाटतं, अन्याय होतोय असं वाटलं की लांब वाटतं, आणि एकट्याचं थांबणं घोळक्यातल्या थांबण्यापेक्षा लांब वाटतं. आता आमची १०५ मिनिटं बघा. घोळक्यात, गप्पा मारत, फोटो काढत, "आला का तो, आला का" करत. थांबतोय असं कोणाला वाटलंच नाही. कोस्टरच्या रांगेत मात्र उन्हात, पुढच्याच्या पाठीकडे बघत, वरनं पाटीनं २५ सांगितलेले. दुखलं ते लक्षात राहिलं.

म्हणून मित्राच्या एक्स्प्रेस पासवर माझं म्हणणं असंय, की तो पास फार तर त्या ७० मधनं काहीतरी कापतो. १०५ ला हात लावत नाही. १९९९ मध्ये डिस्नेनं फास्टपास काढला तेव्हा कल्पना हीच होती की माणसानं रांगेत उभं न राहता आपली वेळ घ्यावी आणि तोवर बाहेर फिरावं. पण त्यासाठी वेळेवर परत यायला लागतं. आमचा घोळका दिलेल्या वेळेला कुठल्याही राइडच्या दारात अकराच्या अकरा हजर झाला असता यावर माझा काडीचा विश्वास नाही. मित्राला हे अजूनही मान्य नाही, त्याचं म्हणणं पुढच्या वेळी पास घेऊच. घे.

फाटाफूट

शेवटी तोडगा मामांनी काढला, आणि तो काढताना काही मोठं भाषण वगैरे नाही, म्हणाले, "अरे लेथवर काम करणारा आणि वेल्डिंगवाला एकमेकांसाठी थांबत बसतात का? जिथं जुळणी आहे तिथं भेटायचं." मग तीन टोळ्या झाल्या. भाऊ, थोरला आणि मित्राची दोन्ही पोरं ही पळणारी टोळी. मी, बायको, धाकटी आणि वहिनी ही छोट्या राइडची टोळी. आई-मामा बॅगांपाशी, आणि मित्र जेवण झाल्या झाल्या गोल फिरणाऱ्या राइडवर जाऊन आल्यामुळे तो पण बॅगांपाशी, डोळे मिटून. त्याला वाटलं पोट बिघडलं. पोटाचा तसा दोष नसतो, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं आपण फिरतोय, डोळे सांगतात समोरचा माणूस तर जागेवर बसलाय, दोघांचं जुळत नाही आणि मळमळ सुरू होते. भरल्या पोटी ते आणखी वाईट. तो दीड तास उठला नाही.

भेटायची जागा ठरवायला मात्र आम्ही शहाणपण केलं. पार्कच्या मधोमध एक उंच मनोरा होता, कुठूनही दिसणारा, तो धरला. वॉल्ट डिस्ने अशा लांबून दिसणाऱ्या खुणेच्या इमारतीला वीनी म्हणायचा, म्हणजे सॉसेज, दाखवलं की कुत्रं जसं मागे येतं तशी माणसं त्या दिशेला ओढली जातात. डिस्नेलँडचा किल्ला मधोमध आहे तो काही उगाच नाही, सगळे रस्ते तिथून फुटतात आणि तिथंच येतात. ठरलं की दर दीड तासानं मनोऱ्याखाली, आणि कोणी आलं नाही तर दहा मिनिटं थांबून पुढे निघायचं, शोधत बसायचं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे बायकोला तिचा कोस्टर मिळाला. मोठ्या राइडपाशी तिनं सहज विचारलं की मुलगी लहान आहे, आम्ही दोघं कसं करायचं, तर तिथला पोरगा म्हणाला एक जण रांगेनं जा, तो उतरला की दुसऱ्याला आम्ही बाहेरच्या दारानं घेतो, परत रांग नाही. अदलाबदलीची ही सोय बऱ्याच पार्कांत असते. पाटी कुठेच नव्हती, विचारलं तरच कळतं. सकाळी ताई धाकटीची उंची मोजत होती तेव्हा आमच्यापैकी एकानं तोंड उघडलं असतं तर बायकोचा तो अर्धा तास वाचला असता. पहिली ती गेली, अर्थात.

पळणाऱ्या टोळीनं संध्याकाळी ७ पर्यंत सहा राइड केल्या. सकाळच्या दोनाशी तुलना करून भाऊ कॉलर ताठ करून फिरतोय, पण त्यातलं सगळं श्रेय फाटाफुटीचं नाही. ५ नंतर लहान पोरांवाली कुटुंबं निघायला लागतात, रांगा आपोआप आटतात. त्यात त्यांना एकट्यांची रांग सापडली, म्हणजे तीन-तीनचे, पाच-पाचचे ग्रुप आले की गाडीत एखादी सीट सुटी राहते, ती भरायला एकेकट्या माणसांची वेगळी लाईन असते आणि ती भराभर पुढे जाते. फक्त मित्राच्या मुलाला तिथं एकट्याला घेईनात, मोठ्या माणसाबरोबरच बस म्हणाले. मग भाऊ त्याला घेऊन साध्या रांगेत आणि थोरला नि मित्राची मुलगी एकट्यांच्या रांगेत. ती दोघं वीस मिनिटं आधी बाहेर आली आणि काय केलं? थांबली. आमची खोड चार जणांच्या टोळीत पण गेली नव्हती. थोरल्याचं म्हणणं, वीस मिनिटं थांबलो तरी चालेल पण मागचा डबा मिळाला. मागच्या डब्याचं वेड खरं आहे बरं का, गाडीचा पुढचा भाग उतारावर सुटला की शेवटचा डबा माथ्यावरनं हिसका मारून ओढला जातो, सीटवरनं उचलल्यासारखं होतं. पुढे बसलेल्याला नुसतं दृश्य दिसतं.

आणि मग मामा हरवले.

४:४५ च्या भेटीला मामा नाहीत. आई म्हणाली टॉयलेटला म्हणून गेलेत, कधीचे. फोन लावला, लागेना. दहा मिनिटांनी मेसेज आला: "गेटजवळ आहे". पार्कला गेट दोन. मित्र एकीकडे पळाला, मी दुसरीकडे, नियम ठरला होता शोधायचं नाही पण साठीच्या माणसाच्या बाबतीत कोण नियम पाळतं. दोन्हीकडे नाहीत. पोरांच्या मनगटावर आम्ही पेननं फोन नंबर लिहिले होते, मोठ्या माणसांचा विचारच केला नव्हता. सगळी मिळून ३५ मिनिटं. सापडले ते मोठ्या कोस्टरच्या कुंपणाशी, देखभालीचं लोखंडी फाटक होतं तिथं, त्यांच्या लेखी ते "गेट". फोनची बॅटरी संपलेली, दोन्ही हात जाळीवर, चढावर साखळीनं गाडी वर ओढताना बघत होते. मला बघून म्हणाले, "ऐकतोयस का आवाज? टक-टक-टक. लोकांना वाटतं साखळीचा आवाज. साखळीचा नाही, खालची पंजाची पट्टी दात्यांवरनं उड्या मारतेय. साखळी तुटली तरी गाडी मागे येणार नाही, दात्यात अडकेल." ३५ मिनिटं आम्ही जीव मुठीत धरून फिरत होतो आणि हा माणूस दिवसातला सगळ्यात चांगला वेळ घालवत होता.

मामा स्वतः बसायला पण तयार होते, मान गेली खड्ड्यात म्हणाले. बसू दिलं नाही. राइडच्या पाटीवर मान, पाठ, हृदय, गरोदरपण हे लिहिलेलं असतं ते पार्कवाल्याची कातडी वाचवायला, असा त्यांचा आरोप. मग त्यांना त्यांच्याच भाषेत सांगायला लागलं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला १८९५ मध्ये लूपची, म्हणजे गाडी उलटी करून फिरवणाऱ्या फेऱ्याची, राइड काढली होती, लूप अगदी वर्तुळासारखा गोल. सरळ ट्रॅकवरनं एकदम गोलात शिरताना जोर एका क्षणात अंगावर यायचा, माना दुखावल्या लोकांच्या. पुढे १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात कोस्टर बनवणारा आंतोन श्वार्त्झकोफ आणि इंजिनिअर वेर्नर स्टेंगेल यांनी पाण्याच्या थेंबासारखा लूप केला, खाली पसरट, वर आवळलेला, म्हणजे जोर हळूहळू चढतो. आजचे लूप त्याच वळणाचे. पण हळूहळू चढला तरी चढतोच, आणि मान तुमची १८९५ सालची आहे. हसले, पण ऐकलं.

त्याचा वचपा म्हणून की काय, मामांनी वहिनींना पकडलं. वहिनींची भीती अशी की गाडी माथ्यावर उडून ट्रॅक सोडेल. दिवसभर आम्ही त्यांना "काही होत नाही हो, डोळे मिटा" एवढंच सांगत होतो, जे सांगून आजवर कोणाची भीती गेली असेल असं मला वाटत नाही. मामांनी त्यांना कुंपणापाशी नेलं आणि उभ्या गाडीची चाकं दाखवली. वरची चाकं वजन घेतात, बाजूची वळणावर धरतात, आणि ही बघा तिसरी, रुळाच्या खालून, गाडीला वर उठूच देत नाहीत. जॉन मिलर नावाच्या कोस्टर बनवणाऱ्यानं १९१९ मध्ये या खालच्या चाकांचं पेटंट घेतलं होतं, ते मी घरी येऊन वाचलं, मामांना सालाशी देणंघेणं नव्हतं, त्यांना नुसतं बघून कळलेलं. म्हणाले, "वहिनी, ही गाडी रुळावर ठेवलेली नाहीये, रुळाला मिठी मारून बसलीये."

६:२० ला वहिनी बसल्या. मधल्या डब्यात, बायकोच्या शेजारी, डोळे उघडे ठेवून. उतरल्यावर काही बोलल्या नाहीत, पाच मिनिटांनी परत रांगेत दिसल्या. सकाळी आम्ही अकरा जण त्यांना घेऊन त्याच रांगेत ३५ मिनिटं उभे होतो, तेव्हा त्यांना भीती नेमकी कशाची वाटते हे एकानंही विचारलं नव्हतं.

आता पुढच्या वेळचं. तिकिटं प्रत्येकाच्या फोनवर आधीच उतरवून, स्क्रीनशॉट काढून. उंची घरी मोजून, बुटासकट आणि बुटाशिवाय. नकाशावरची भांडणं आदल्या रात्री. पहिला तास मोठ्या राइडला, पाण्याची राइड सगळ्यात शेवटी, जेवण १२ च्या आत किंवा ३ नंतर. मामांच्या गळ्यात पॉवर बँक. एवढ्यावर सगळ्यांचं जमलंय. टोळ्या सकाळपासूनच करायच्या का, इथं मात्र अडलंय. भाऊ आणि पोरं म्हणतात गेटपासूनच. मी पण त्याच मताचा होतो, कागद तर तेच सांगतो.

कागद दाखवला तेव्हा आईनं तो नीट वाचला, चष्मा लावून, बेरीज पण तपासली. मग म्हणाली फोटो आण सगळे. बघितले. अकरा जण एकत्र असलेले फोटो सगळे दुपारी ३:१० च्या आधीचे, गेटवरचा, नकाशावर वाकलेला, चिंब होऊन कुडकुडतानाचा, टेबलावरचा. ३:१० नंतरचे दोनशेच्या वर फोटो आहेत, राइडवरचे, भारी भारी, त्यात आई दोनदा आहे, दोन्हीत बॅगांबरोबर. "तुमची ती १०५ मिनिटं वाया गेली म्हणतोस ना," आई म्हणाली, "मी त्या दिवशी तुमच्याबरोबर होते ती तेवढीच."

त्यामुळे सध्या ठराव असाय की सकाळी तास-दीड तास टोळ्या, मग जेवण एकत्र, आणि शेवटची राइड आई म्हणेल ती. तिनं मोठा पाळणा सांगितलाय. एका पाळण्यात आठच जण बसतात म्हणे, त्यावरून ग्रुपवर परत सुरू झालंय.